क्रेन आणि क्रेनचं

साहेब,

परवा कारखान्याच्या आवारात तुमच्यासाठी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. म्हणजे ठरलं दोन मिनिटांचं होतं. दातार मॅनेजरांनी घड्याळ बघत उभं केलं आणि अर्ध्या मिनिटात "बसा" म्हणाले, कारण फाटकाशी लॉरी येऊन हॉर्न देत होती. भट्टीवरची माणसं तर अजून हातच पुसत होती. टेबलावर तुमचा फोटो, त्याला शेवंतीचा हार, मागे फळ्यावर खडूने 'कै. कॅप्टन साहेबांस श्रद्धांजली'. तुम्ही ग्रुप कॅप्टन होतात. ते एक वेळ सोडून देऊ. हवाई दलातल्या पदव्या आम्हाला कुठे कळतात? तुम्ही नवीन आलात तेव्हा क्रेनवरचा ज्ञानोबा मला म्हणाला होता, "ग्रुप कॅप्टन म्हंजी काय रं, हुतूतूचा का?"

मग दातार बोलले. तुम्ही त्यांना वडिलांच्या जागी होतात म्हणे. शिस्त म्हणजे काय हे ते तुमच्याकडून शिकले म्हणे. तुमच्या पाठीमागे तुम्हाला 'विमानवाला म्हातारा' म्हणणारा हा माणूस. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात की शिपायापुढे तुमच्या चालण्याची नक्कल करायचा. त्याने रुमाल काढला, डोळ्यांना लावला, घडी न मोडता परत खिशात ठेवला. नंतर चहा आणि चिवडा. माझ्या तोंडात घास होता आणि समोर तुमचा फोटो. घास गिळवेना आणि सगळ्यांदेखत थुंकताही येईना. शेवटी भिंतीपलीकडे जाऊन टाकला. तेव्हापासून जी मळमळ सुरू झाली आहे ती अजून गेलेली नाही. तिच्यात दातारांचा वाटा किती आणि माझा किती, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

तुम्हाला माझी ओळख सांगायला नको. पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. मी नामदेव किसन सुतार, कळंबकडचा. पिंपरीच्या या पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सांभाळत होतो. गावात निजामाच्या अमलातली शाळा, त्यामुळे शिकलो तेवढं उर्दूत, आणि शिकलो तेही थोडंच. एके दिवशी गिरणीवाले मुखत्यार आमच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "पोराला शाळेतनं काढून गिरणीवर बसवलं तर चालेल ना, किसन?" वडील म्हणाले, "चालेल, मालक." माझी शाळा तिथे संपली. पुढे गिरणी सुटली, गाव सुटलं, आणि इथे पवनेच्या काठी येऊन ओतकामाची माती चाळायला लागलो.

मातीच्या ढिगावरच तुम्ही मला पकडलंत. हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी. शेंगा खायचात आणि टरफलं कोटाच्या खिशात घालायचात. जमिनीवर पडलेली बारीकशी वस्तू इंजिन ओढून घेतं आणि विमान पडतं, ही तुमची हवाई दलातली सवय. इथे विमान नव्हतं, पण टरफलं शेवटपर्यंत खिशातच जात राहिली. "लिहिता-वाचता येतं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "उर्दू येतं." मुकादम हसला. तुम्ही हसला नाहीत. शेंगा दुसऱ्या खिशात ओतल्यात आणि पुडीचा कागद सरळ करून माझ्यापुढे धरलात. निर्वासितांच्या वसाहतीतल्या दुकानाची पुडी, कुठल्यातरी उर्दू अखबाराचा तुकडा. "पढो," म्हणालात. मी वाचलं. कापसाचे भाव होते. तुम्ही फौजेत उर्दू ऐकत-बोलत आलेले, मान हलवत ऐकलंत आणि मुकादमाला म्हणालात, "याला हात धुवून स्टोअरला पाठवा."

पहिले दोन महिने स्टोअरच्या फळ्यांवर मी उर्दूत चिठ्ठ्या लावल्या. दातार म्हणाले, "हे काय, निजामाचं स्टोअर आहे का?" तुम्ही म्हणालात, "दोन महिने. मग मराठी." आणि रोज दुपारी डबा झाला की माझं रजिस्टर घेऊन बसायचात. सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीत बसलेला माणूस, आणि बोट ठेवून विचारायचा, "इथला काना कुठाय, नामदेवराव? खाल्ला?" मला त्याआधी कोणी राव म्हटलं नव्हतं. मी सांगायचो, साहेब, उर्दूत वरच्या-खालच्या खुणा सोडून दिल्या तरी चालतं, वाचणारा समजून घेतो. तुम्ही म्हणायचात, "वाचणारा भला असला तर. भला नसला तर त्याला पाहिजे ते समजून घेतो. म्हणून सगळं लिहायचं." माझं पहिलं मराठी पत्र गावी गेलं, ते मास्तरांनी आईला वाचून दाखवलं. आईने उलट निरोप पाठवला, हे कोणाकडून लिहून घेतलंस, त्याला माझा नमस्कार सांग. तो नमस्कार मी तुम्हाला सांगितला होता. तुम्ही उठून उभे राहिला होतात.

गोड बोलणारा माणूस तुम्ही नव्हतात, हेही लिहितो. नाहीतर दातारांच्या भाषणात आणि माझ्या लिहिण्यात फरक राहणार नाही. चार माणसांत तुम्ही माणसाला सोलून काढायचात. एकदा ज्ञानोबाने हुकाला ग्रीस लावलं नव्हतं म्हणून त्याला सगळ्या शॉपपुढे उभं केलंत आणि विचारलंत, "तुझ्या बैलाला पाणी पाजायला विसरतोस का?" ज्या जागेवर ही शॉप उभी आहे तिथे त्याच्या चुलत्याचं शेत होतं. बैल विकून तो क्रेनवर आला होता. संध्याकाळी तो मला म्हणाला, "तुजा साहेब मानूस असंल, पर जीभ इस्तऱ्याची हाय." मला तुमचा राग आला होता. सांगायला धजलो नाही.

तुम्हाला 'चालेल' या शब्दाचा तिटकारा. विमानं उडवणाऱ्यांपैकी तुम्ही नव्हतात. उडण्याजोगी आहेत की नाहीत हे ठरवणाऱ्यांपैकी होतात. तुमच्या हाताखाली ज्याने दुरुस्ती केली त्याने सही करायची आणि पहिल्या उड्डाणात स्वतः आत बसायचं. इथे आलात तर सगळीकडे चालेल. साचा थोडा सरकलाय, चालेल. नट ढिला आहे, चालेल. तुम्ही ओरडायचात, "चालेल म्हणजे काय? चालतं म्हणा, नाहीतर चालत नाही म्हणा. चालेल हे ज्योतिषाने म्हणायचं." पोरं तुम्हाला बघून हळूच म्हणायची, "आला रे, चालेल मोडणारा आला."

याच शब्दावरून आपलं एकदाच भांडण झालं. तुम्ही मला रागावलात आणि का कोण जाणे मी तोंड उघडलं. म्हणालो, "साहेब, तुम्हाला 'नाही' म्हणता येतं. तुमच्या खांद्यावर फीत होती. आमच्या बापाला मुखत्यारांनी विचारलं तेव्हा तो काय म्हणणार होता? चालत नाही? आमच्यात 'चालेल' हा होकार नसतो, तो मान खाली घालण्याचा आवाज असतो." एवढं बोललो आणि घाबरून गेलो. तुम्ही बराच वेळ पेन्सिल टेबलावर उभी करायचा खेळ करत राहिलात. मग म्हणालात, "याचं उत्तर उद्या देतो." ते उद्या आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. आता वाटतं, मला उत्तर नकोच होतं. तो बहाणा जपून ठेवायचा होता, पुढे कामी येईल म्हणून. आला.

क्रेनची साखळी दुरुस्त होऊन आली होती. एका कडीला नवा डाग देऊन ती सांधलेली. तुमचा नियम सगळ्यांना पाठ: ट्रायल म्हणून दुरुस्त साखळीवर नेहमीपेक्षा सव्वापट वजन टांगून ठेवायचं, ती टिकली की तुम्ही सही करणार, आणि सही झाल्यावरच ती स्टोअरमधून क्रेनवर जाणार. त्या शुक्रवारी तुम्हाला ताप होता. खोकला कमी होत नव्हता. तळेगावच्या दुपारच्या गाडीने घरी जाणार होतात. मी रजिस्टर घेऊन तुमच्यासमोर उभा होतो. दातारांनी दारातूनच डोकं आत घातलं. तुमच्या डाव्या बाजूने. तो कान तुमचा इंजिनांच्या आवाजाने कधीच गेलेला.

दातार म्हणाले, "साहेब, उद्याची चाकणची लॉरी फळ्या लावून हातानेच भरून घेतो, ट्रायल सोमवारी ठेवू. क्रेनचं चालेल ना मग?"

तुम्ही खोकला आवरत हात वर केलात. "चालेल."

तुमच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला हसू आलं होतं. वाटलं, बरे झालात की चिडवीन.

शनिवारी सकाळी लॉरी आली. दातार स्टोअरच्या खिडकीशी आले. "साखळी दे."

मी म्हणालो, "साहेबांची सही नाही."

"सही नाही, शब्द आहे. तुझ्यादेखत काय म्हणाले? क्रेन चालेल म्हणाले ना?"

शुक्रवारी दातार 'क्रेनचं' म्हणाले होते, साहेब. आता 'क्रेन' म्हणाले. मला ते तिथेच, त्या खिडकीत, ऐकू आलं. तुमच्यामुळेच ऐकू आलं. माती चाळणाऱ्या नामदेवला आलं नसतं. 'क्रेनचं' म्हणजे क्रेनच्या तपासणीचं काम, ते सोमवारी झालं तर हरकत नाही. 'क्रेन' म्हणजे क्रेन. मी दातारांच्या तोंडाकडे बघितलं. माझी नोकरी अजून कच्ची होती. खोलीत आम्ही पाचजण, सगळे परगावचे, एकाची गेल्याच महिन्यात सुटली होती आणि तो रोज सकाळी डबा घेऊन नुसताच बाहेर पडायचा.

मी म्हणालो, "चालेल, घेऊन जा." रजिस्टरात साखळी दिल्याची नोंद केली. सुपरिंटेंडेंटच्या सहीची जागा मोकळी सोडली. खाली माझी सही.

तिसऱ्या पंपाला कडी उघडली. बिडाचं ते धूड सरळ ज्ञानोबाच्या उजव्या पायावर आलं. पुण्याच्या दवाखान्यात त्याची बोटं काढली. आतून आवाज ऐकून मी धावलो तेव्हा दातार खाली पडलेल्या पंपाला कुठे चीर गेली आहे का, ते बोट फिरवून बघत होते. ज्ञानोबा शुद्धीत होता. मला बघून म्हणाला, "इमानवाल्यानं पास केल्याली न्हवं ही?" मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून ज्ञानोबासाठी, त्याच्या घरासाठी, अर्ध्या कारखान्यासाठी तो पाय तुम्ही तोडलात.

पुढच्या रविवारी मी तळेगावला तुमच्याकडे आलो. तुम्ही पलंगावर उशांना टेकून बसला होतात. बाईसाहेबांनी मला ओसरीवर थांबवून सांगितलं, "जास्त बोलू देऊ नका, छातीत दुखतंय." आत आलो तर तुम्ही आधी ज्ञानोबाचंच विचारलंत. मग बाईसाहेबांना पाणी आणायला पाठवलंत आणि उजवा कान माझ्याकडे केलात.

"नामदेवराव, तुम्ही तिथे होतात. दातारने मला काय विचारलं? मला वाटलं तो ट्रायलचं बोलतोय. क्रेनचं म्हणाला की क्रेन म्हणाला?"

साहेब, मी तिथे सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की क्रेनचं म्हणाले, तुम्ही बरोबर ऐकलंत, तुमचा कान चुकला नाही. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग साखळी बाहेर कशी गेली? कोणी दिली? तुम्ही मला राव म्हणत होतात. त्या पलंगावरून मला पुन्हा मातीच्या ढिगावर कसं बघाल, एवढंच डोक्यात होतं.

मी म्हणालो, "आठवत नाही, साहेब."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "कान माझा गेलेला. मीच चुकलो असेन. आणि शब्द तर माझाच."  मी निघताना ज्ञानोबाला द्यायला म्हणून तुमची वेताची काठी दिलीत. "उभा राहायला लागला की लागेल त्याला." ती मी घेऊन आलो. त्याला दिली. तुमच्याकडून आहे हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने ती मोडली असती, असं मी स्वतःला समजावलं.

बारा दिवसांनी तुम्ही गेलात. मला दातारांच्या शिपायाने सांगितलं, "तुझा साहेब गेला रे," आणि लगेच, "सुट्टी देतात का बघायचं."

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दातारांनी मला ऑफिसात बोलावलं. तुमच्याच खुर्चीवर बसले होते. टेबलावर कारकुनाच्या वळणदार अक्षरात लिहिलेला कागद. माझी जबानी, मला न विचारता तयार. पुण्याहून सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होते. कागदावर होतं: 'मॅनेजरसाहेबांनी विचारले, क्रेन चालेल ना मग. सुपरिंटेंडेंटसाहेब म्हणाले, चालेल. हे मी समक्ष ऐकले.' ट्रायल सोमवारी, हे वाक्य गाळलेलं. आणि त्यापुढच्या वाक्यातला 'चं' गेलेला.

मी बोट ठेवून म्हणालो, "इथे चं पाहिजे."

"काय पाहिजे?"

"चं. क्रेनचं चालेल ना, असं म्हणाला होतात."

दातार हसले. "तू उर्दू शाळेचा. तुला कसले चा-ची-चे कळायला लागले? एका 'चं'ने काय होतंय?" मग आवाज उतरवला. "हे बघ, स्टोअरकीपरचं तुझं पक्कं करतोय. आणि मेलेल्या माणसाला काय होणार आहे? त्यांच्या बाईंना पेन्शन सरकार देतंय, ती काही थांबत नाही. ज्ञानोबाला कंपनी पाहील. कोणाचं काही जात नाही यात."

मी म्हणालो, "रजिस्टरात आहे ना, साखळी कोणी दिली ते."

दातारांनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्या दिवसाचं पान नव्हतं. शिवणीपाशी कागदाची बारीक कड राहिली होती, तेवढीच. तुम्ही पट्टी लावून ज्याचे रकाने आखून दिले होतेत ते रजिस्टर. "तुझ्यासाठीच केलं," दातार म्हणाले. "तुझं नाव कुठेही येत नाही आता."

मला शिसारी आली, साहेब. दातारांची आलीच, त्या गुळगुळीत हातांची, त्या रुमालाची. पण त्या फाटलेल्या पानाकडे बघताना माझ्या आत एकदम जे हलकं वाटलं, त्याची जास्त आली. छाती मोकळी झाली होती माझी. घरी आईला लिहावंसं वाटलं, नोकरी पक्की झाली. दातारांनी शुक्रवारी दारातून विचारलं तेव्हाच त्यांच्या मनात हे होतं की शनिवारी लॉरी बघून सुचलं, ते मला आजही माहीत नाही. पण माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. दातारांनी तुमच्यावर एक अक्षर कमी करून ढकललं. मी तर पुरं वाक्य गिळून बसलो होतो. "उद्या सही करतो," म्हणालो आणि बाहेर आलो.

खोलीत आल्यावर ज्याची नोकरी सुटली आहे त्या दौलतने विचारलं, "काय झालं रे, आजारी दिसतोस." मी त्याला सगळं सांगितलं. जिवंत माणसाला पहिल्यांदा. तो म्हणाला, "सही कर गड्या. माझ्याकडे बघ आणि सही कर." वाईट सांगत नव्हता तो. स्वतःकडे बघूनच बोलत होता.

दुसऱ्या दिवशी आलेले इन्स्पेक्टर पन्नाशीचे, शांत, सारखं नाक पुसणारे. त्यांच्यापुढे कारकुनाने जबानी वाचली. त्यांनी मला विचारलं, "बरोबर आहे?"

मी म्हणालो, "नाही साहेब. एक अक्षर कमी आहे. त्याच्या आधीचं एक वाक्य कमी आहे. आणि एक पान कमी आहे."

मग सांगितलं. शुक्रवारचं, शनिवारचं, खिडकीचं. साखळी मी दिली हे सांगितलं. दातार मधेच म्हणाले, "हा कामचुकार आहे, म्हाताऱ्याने डोक्यावर चढवून ठेवलेला." इन्स्पेक्टरांनी हातानेच त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, सही नाही, ट्रायल नाही, आणि साहेबांच्या बोलण्याचा अर्थ वेगळा आहे?"

"होतं."

"मग दिली का?"

तुम्ही ज्या प्रश्नाचं उत्तर उद्या देणार होतात तोच हा. मान खाली घालण्याचा आवाज वगैरे सगळं जिभेवर आलं होतं. बापाचं नाव घेऊन सुटता आलं असतं. पण माझ्या बापाने दुसऱ्याचा पाय दिला नव्हता. मी म्हणालो, "भ्यालो म्हणून."

त्यांनी कोरा कागद दिला. "लिहिता येतं?" मी लिहिलं. दीड पान भरलं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं. संध्याकाळी फाटकावर मला सांगण्यात आलं, निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही.

तिथून खोलीवर गेलो नाही. दापोडीच्या बाजूने शेतातून पिंपळे गुरवला ज्ञानोबाकडे गेलो. या तीन-चार आठवड्यांत पाच वेळा गेलो असेन. केळी न्यायचो. पायाशी बसून विचारायचो, दुखतं का. त्याची आई मला चहा द्यायची आणि म्हणायची, परगावचा असून येतोय बघा, इथलं कुनी फिरकत न्हाई. ते आठवून आता अंगावर काटा येतो.

ज्ञानोबा ओट्यावर होता. "या स्टोअरवालं. केळी न्हाईत आज?" मी उभ्यानेच सांगितलं. तो ऐकत होता आणि काठीने जमिनीवर रेघ मारत होता, तीच रेघ पुन्हा पुन्हा.

"म्हंजी साहेबानं पास न्हवती केली."

"नाही."

"आन् तुला ठावं व्हतं."

"होतं."

"साखळी तू दिलीस."

"मी दिली. आणि ही काठी त्यांची आहे. तुझ्यासाठी पाठवली होती."

त्याने काठीकडे बघितलं. मोडली नाही. बाजूला ठेवली, नुसती. "माज्या पायाशी बसून इचारायचास, दुखतं का," म्हणाला.  मी मागे वळलो तेव्हा त्याने हाक मारली.

"कुटं चालला? घरात जा. आई हाय आत. दिवा लावला का ती तुज्या साहेबाच्या नावानं बोटं मोडती. रोज. मेल्यावर बी थांबली न्हाई. तिला मी न्हाई सांगनार. तू सांग."

आत ती सुपात ज्वारी घेऊन बसली होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. 'चं' तिला समजला नाही. मी दोनदा सांगून पाहिलं, तिने मान हलवली. साखळी मी दिली, हे समजलं. तिने सूप बाजूला सरकवलं.

"तुजं पुरं नाव काय?"

"नामदेव किसन सुतार."

"गाव?"

"कळंब."

तिने दोन्ही हात कानशिलांना लावले आणि बोटं मोडली. एकेक करून, दहाही. नाव माझं घेतलं, बापासकट, गावासकट. मी उठलो नाही, तिचं होईपर्यंत बसून राहिलो. साहेब, मी कान देऊन ऐकत होतो. तुमचं नाव मध्ये एकदाही आलं नाही.